तीव्र मनोविकारांच्या मनोसामाजिक उपचारात कुटुंबाचे स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मनोविकारात औषधोपचाराला समुपदेशन, कुटुंबशिक्षण व पुनर्वसन यांची जोड आवश्यक मानली जाते. भारतात बहुसंख्य रुग्ण कुटुंबातच राहतात. म्हणून तज्ज्ञ आणि शुश्रूषा करणारे नातेवाईक यांचे दृष्टिकोन कसे घडत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमृतसर व वेल्लोर :
१९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. रुग्णालयात गर्दी होती, मनुष्यबळ अपुरे होते. मात्र या प्रयोगामुळे नातेवाइकांची आजाराविषयीची भीती ओसरली आणि रुग्णाला घरी परत नेण्याची त्यांची तयारी वाढली. वेल्लोर येथेही १९५७ नंतर हीच पद्धत रुजली. या टप्प्यावर तज्ज्ञांच्या दृष्टीने कुटुंब हे उपचारातील सहायक होते.

दोषारोपाचा प्रश्न :
ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये घरातील टीका, वैरभाव व अतिगुंतवणूक यांचा संबंध आजार उलटण्याशी जोडला. त्यातून कुटुंबोपचाराच्या पद्धती विकसित झाल्या. परंतु अनेक नातेवाइकांना त्यात दोषारोप जाणवला. चंदीगड येथील अभ्यासात (१९८७) मात्र अशा कुटुंबांचे प्रमाण लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. परदेशी निष्कर्ष भारतीय घरांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे यातून स्पष्ट झाले.

नातेवाइकांचा आवाज :
पुण्यात १९९७ मध्ये जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली आणि स्वमदत गटातून नातेवाईक बोलू लागले. तज्ज्ञ लक्षणे व औषधातील सातत्य मोजतात. वृद्ध आईवडिलांना मात्र ‘आमच्यानंतर याचे कोण पाहणार?’ हा प्रश्न भेडसावतो. कांचीपुरम, गोवा व सातारा येथे २८२ रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी रुग्ण व कुटुंब दोघांनाही साहाय्य केले. केवळ रुग्णालयीन उपचारांच्या तुलनेत रुग्णांची अकार्यक्षमता काहीशी अधिक घटली. लाभ माफक होता.

निष्कर्ष :
सहायक, संशयित आणि सहभागी अशा तीन भूमिकांतून कुटुंबाचा प्रवास झाला. तथापि शुश्रूषा करणाऱ्यालाही आधाराची गरज असते, ही जाणीव उशिरा आली. कुटुंबावर विसंबणारी उपचारव्यवस्था त्या कुटुंबाचा थकवा विचारात घेत नसेल, तर ती आपलाच पाया खचवते.