निखाऱ्यांवरची वाट



चुलीतून बाहेर पडलेला निखारा आपण कितीदा तरी बोटांनी चटकन उचलून परत आत टाकतो. हात भाजत नाही. पण तापल्या तव्याची कड नुसती लागली, तरी फोड येतो. असं का? या प्रश्नामागे एक इतिहास आहे.

निखाऱ्यांवरून अनवाणी चालणं म्हणजे अंगात दैवी शक्ती असणं, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. १९३५ साली खुदाबक्ष नावाचा काश्मिरी जादूगार इंग्लंडमधल्या कार्शल्टन गावी शास्त्रज्ञांसमोर निखाऱ्यांच्या चरातून चालून गेला. पाय शाबूत राहिले. १९३७च्या तशाच चाचणीत मंत्रतंत्र न जाणणारे इंग्रजही निखाऱ्यांवरून चालले. मग कारण कळलं. लाकडाचा कोळसा आणि त्यावरची राख उष्णता सावकाश देतात, आणि पाऊल क्षणभरच टेकतं. लोखंड तीच उष्णता झटकन देतं. म्हणून तवा भाजतो.

हेच ज्ञान आपल्या राज्यात गावोगाव नेलं ते साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने. कार्यकर्ते नुसतं भाषण करत नाहीत. ते स्वतः निखाऱ्यांवरून चालतात, खिळ्यांच्या पाटावर झोपतात आणि मग कारण सांगतात. एक खिळा पायात घुसतो, पण शेकडो खिळ्यांवर अंगाचं वजन वाटलं जातं. दहा जणींनी मिळून पिंप उचललं, की एकीवर भार येत नाही, तसंच हे.

धाडस दर वेळी विस्तवावरचंच असतं असं नाही. २०१२ साली मुंबईच्या उपनगरात, इर्ल्याच्या चर्चमधल्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोकांनी चमत्कार मानला. सनल एडमारुकू यांनी सांगितलं, की तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. त्यांच्यावर पोलीस तक्रारी झाल्या, त्यांना देश सोडावा लागला. आणि दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्याशी जोडलेलं आहे. चोरीचा किंवा चारित्र्याचा आळ घेऊन बाईला उकळत्या तेलात हात घालायला लावल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून आल्या आहेत. तेल कातडीला चिकटून राहतं. ते खरी-खोटी ओळखत नाही, साऱ्यांनाच भाजतं. भाजलेल्या हाताने एवढंच सिद्ध होतं, की तेल गरम होतं.

डिसेंबर २०१३मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच ते पन्नास हजार रुपये दंड. असं काही घडत असेल, तर एकटीने नको, गटाने मिळून पोलीस ठाण्यात जा.

एक सांगते, निखाऱ्यांचा प्रयोग घरी करू नका. पाऊल रेंगाळलं, कोळशात खिळा राहिला, तर नियम कुणाची गय करत नाही. आपल्याला चालून दाखवायचं नाही. कुणी चालून दाखवलं, तर "कसं?" एवढंच विचारायचं आहे.