डीबी१ की डीबी२? गिटलॅबची ३१ जानेवारीची रात्र

गिटलॅब डॉट कॉम ही प्रोग्रॅमर मंडळींची कोड ठेवायची जागा. खुद्द कोड वेगळ्या सर्व्हरवर असतो. पण कोणता प्रोजेक्ट कुणाचा, कुणी कोणती अडचण नोंदवली, त्यावर कोण काय बोललं, कुणाचं खातं कधी उघडलं, हा सगळा संसार तेव्हा एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. २०१७ च्या जानेवारीत त्याचा आकार होता ३१० जीबीच्या आसपास. मशीन दोन. डीबी१ ही प्रायमरी, सगळं वाचणं-लिहिणं तिच्यावर. डीबी२ ही सेकंडरी, पहिलीची हुबेहूब नक्कल करत बसलेली, पहिली पडली तर उभी राहायला. नावात फरक एका आकड्याचा.

खालच्या वेळा यूटीसीच्या आहेत. आपल्याकडची वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवा.

१७:२० – सहा तास सात मिनिटं बाकी

एक इंजिनिअर स्टेजिंगवर, म्हणजे तालमीच्या सर्व्हरवर, पीजीपूल बसवत होता. प्रायमरीवरचा वाचनाचा भार अनेक मशीनवर वाटता येईल का, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी ताजा डेटा हवा. एलव्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, आपोआप निघायचा तो चोवीस तासांतून एकदाच. शिळ्या डेटावर त्याचं भागेना, म्हणून त्याने प्रायमरीचा एक स्नॅपशॉट हाताने काढला आणि स्टेजिंगकडे नेला.

ही नोंद इथेच ठेवा. त्या संध्याकाळी त्या स्नॅपशॉटला कुणी बॅकअप म्हटलं नव्हतं.

१९:०० – साडेचार तास बाकी

डेटाबेसवरचा भार चढू लागला. आठवडाभर असं अधूनमधून होतच होतं, पण आजचा जोर वेगळा. लोकांना कमेंट टाकता येईनात. संशय स्पॅमरांवर, आणि तो खोटाही नव्हता. पण नंतर कळलं की भाराचा एक वाटा घरचाच होता. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार झाली होती आणि ते खातं चुकून हटवायच्या यादीत गेलं होतं. त्याचा सगळा डेटा पुसायचं काम मागच्या मागे इमानेइतबारे चालू होतं.

२१:०० – अडीच तास बाकी

आता लिहिणंच अडकलं. एका खात्यावर तब्बल ४७,००० आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत असल्याचं दिसलं. कुणीतरी गिटलॅबची रिपॉझिटरी फुकटात फायली वाटायला वापरत होतं. ते खातं काढून टाकलं. भार जरा उतरला.

२२:०० – दीड तास बाकी

दिवसभर राबलेला तो इंजिनिअर आता उठणार होता. त्याच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते, तसं त्याने सांगूनही टाकलं होतं. तेवढ्यात अलर्ट आला: डीबी२ मागे पडली आहे, सुमारे चार जीबीने.

मागे पडणं म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पोस्टग्रेस कोणताही बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो, मग सवडीने तो टेबलांच्या फायलींत उतरवतो. दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो आणि नंतर खतावणी करतो, तसंच. या लॉगला वॅल म्हणतात. सेकंडरी प्रायमरीकडून कीर्दीची पानं घेते आणि आपली खतावणी करत राहते. पानं जपून ठेवायची तर जागा लागते, म्हणून प्रायमरी जुनी पानं फेकून देते. त्या संध्याकाळी लिहिणं इतकं दाट होतं की डीबी२ ला हवी असलेली पानं तिच्यापर्यंत पोचायच्या आतच डीबी१ ने फेकली. ती कुठे दुसरीकडे साठवली जात असती, ज्याला वॅल आर्काइव्हिंग म्हणतात, तर डीबी२ ने तिथून उचलली असती. गिटलॅबकडे ती सोय नव्हती.

मग एकच वाट उरते. सेकंडरीवरचा सगळा डेटा पुसायचा आणि पीजी-बेसबॅकअप नावाच्या कमांडने प्रायमरीवरून अख्खा डेटाबेस नव्याने ओढून घ्यायचा. डीबी२ पुसली गेली. नियमाप्रमाणे, बरोबर मशीनवर. पण आता चालू डेटाबेसची प्रत एकच उरली होती.

२३:०० – अर्धा तासही नाही

पीजी-बेसबॅकअप चालवलं. काही नाही. सविस्तर सांग असा पर्याय लावूनही एक ओळ नाही. बंद केलं, परत चालवलं. काही प्रयत्नांनंतर ते बोललं: प्रायमरीवर रेप्लिकेशनसाठी पुरेशी कनेक्शन मोकळी नाहीत. मॅक्स वॅल सेंडर्स ही सेटिंग ३ वर होती, ती ३२ केली. ती लागू व्हायला पोस्टग्रेस रिस्टार्ट करावा लागतो. केला, तर तो उठेचना. म्हणाला, सेमाफोर फार होतात. कारण दुसऱ्याच सेटिंगमध्ये होतं: मॅक्स कनेक्शन्स, ८०००. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतो, प्रत्येकीला सेमाफोर, म्हणजे इतर प्रोसेसशी ताळमेळ ठेवायची खूण, लागतो, त्यामुळे आठ हजार हा आकडा कोणत्याही जाणत्याला भुवया उंचावायला लावेल. तो जवळजवळ वर्षभर तसाच बसला होता. चालतंय ना, मग हात लावू नका, हे तत्त्व काही आपल्याच ऑफिसांची मक्तेदारी नाही. आकडा २००० वर आणला, पोस्टग्रेस उठला.

पीजी-बेसबॅकअप पुन्हा चालवलं. पुन्हा गप्प. एसट्रेस हे प्रोग्रॅम तपासायचं साधन लावून आत डोकावलं, तर ते कशाची तरी वाट बघत थांबलंय एवढंच दिसलं.

मला या सगळ्या घटनाक्रमात सर्वांत चटका लावणारी गोष्ट हीच वाटते: ते बिघडलेलं नव्हतंच. प्रायमरीकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत ते तसंच मुकाट बसतं. नंतर दुसऱ्या एका सहकाऱ्याने सांगितलं की हे नेहमीचंच आहे. तो त्या वेळी तिथे नव्हता. टीमच्या रनबुकमध्ये, म्हणजे कामाच्या सूचनावहीत, हे लिहिलेलं नव्हतं, आणि पोस्टग्रेसच्या कागदपत्रांतही ठळकपणे नव्हतं. थोडा धीर धरला असता तर प्रत आपोआप सुरू झाली असती. पण मध्यरात्री, साइट आचके देत असताना, स्क्रीनवर अक्षर उमटत नसताना धीर धरा असं सांगणं आज सोपं आहे.

२३:२७

त्याला वाटलं, मघाच्या फसलेल्या प्रयत्नांनी डीबी२ च्या डेटा डिरेक्टरीत काही फायली सोडल्या असतील, आणि डिरेक्टरी रिकामी नसल्यामुळे हे अडून बसलं असेल. तर्क वाईट नव्हता. डिरेक्टरी पुन्हा पुसायची ठरली. दोन्ही मशीनवर तीच डिरेक्टरी, तोच पाथ. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या ओळीच्या सुरुवातीला, मशीनचं लांबलचक नाव, आणि त्यात तो एक आकडा. त्याने आरएम ही पुसायची कमांड दिली आणि एंटर दाबलं.

एक-दोन सेकंदांत त्याची नजर प्रॉम्प्टवर गेली. डीबी१.

त्याने कमांड तोडली. ३१० जीबीपैकी उरले होते साडेचार.

डिलीटला तीनशे जीबी आणि तीन केबी यांत फारसा फरक वाटत नाही. तो डेटा वाचत बसत नाही, फायलींची नावं फक्त काढून टाकतो. म्हणूनच प्रत घ्यायला तासच्या तास आणि पुसायला दोन सेकंद.

मध्यरात्र

साइट बंद. हरकत नाही, बॅकअप आहेत ना? मग एकेक दार वाजवणं सुरू झालं.

पहिलं दार रोजच्या पीजी-डंपचं, म्हणजे अख्खा डेटाबेस फायलीत उतरवणाऱ्या कमांडचं. रोज डंप निघतो आणि ॲमेझॉनच्या एस३ वर चढतो, अशी सगळ्यांची समजूत. तिथली बकेट, म्हणजे साठवणीची जागा, उघडली तर रिकामी. इथे थोडं थांबू, कारण हे बारकाईने बघण्यासारखं आहे. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६. बॅकअपची क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड, मात्र चालायची ॲप्लिकेशन सर्व्हरवर, आणि तिथे डेटाबेस नाही. गिटलॅबचं पॅकेज डेटा डिरेक्टरीतली एक फाइल बघून ठरवतं की कोणत्या आवृत्तीची हत्यारं वापरायची. तिथे फाइलच नाही, म्हणून त्याने सरळ ९.२ उचलली. ९.२ चा पीजी-डंप ९.६ च्या डेटाबेसला हात लावत नाही. एरर देतो आणि संपतो. मागे राहते काही बाइटची फाइल.

एरर कुणाला दिसली नाही? क्रॉन चुकली की मेल जातो, तशी व्यवस्था होती. मेल जातही होते. पण क्रॉनच्या त्या मेलसाठी डीमार्क, म्हणजे मेल खरा आहे हे पडताळायची सोय, चालू नव्हती, म्हणून घेणारा मेलसर्व्हर ते परत फेकत होता. रोज बॅकअप मरत होता, रोज तसं कळवत होता, आणि कळवलेलं दारातच अडवलं जात होतं.

दुसरं दार अझूरच्या डिस्क स्नॅपशॉटचं. ते फाइल सर्व्हरना चालू केलेले होते, डेटाबेस सर्व्हरना नाही. बाकीचे बॅकअप आहेत की, मग हे कशाला, असा विचार. रेप्लिकेशनचं दार तर त्यांनी स्वतःच तासाभरापूर्वी पुसलेलं. आणि रेप्लिकेशन धडधाकट असतं तरी ते बॅकअप नव्हे. प्रायमरीवर कुणी चुकून टेबल उडवलं तर सेकंडरी ते तितक्याच तत्परतेने उडवते. आपल्याकडच्या कित्येक बैठकांत हे दोन शब्द अजूनही एकाच अर्थाने फिरतात.

पाच उपायांपैकी एकही नीट चालत नव्हता किंवा मुळात लावलेलाच नव्हता, असं गिटलॅबने स्वतःच लिहिलं, तेही सगळ्या जगाला वाचता येईल अशा उघड्या डॉक्युमेंटमध्ये.

उरलं काय? संध्याकाळी पाच वीसचा तो हाताने काढलेला स्नॅपशॉट. ज्या हाताने डीबी१ पुसली, त्याच हाताने काढलेला. तो नसता तर मागचा आपोआप निघालेला स्नॅपशॉट घ्यावा लागला असता आणि जवळजवळ अख्ख्या दिवसाचा डेटा जाऊ शकला असता.

त्या इंजिनिअरने डॉक्युमेंटमध्ये स्वतःबद्दल नोंदवलं की आज आपण यापुढे सुडो, म्हणजे मशीनवरचे पूर्ण अधिकार, लावून काहीही न चालवलेलंच बरं, आणि काम सहकाऱ्यांकडे दिलं.

१ फेब्रुवारी

स्नॅपशॉट सापडला, पण तो होता स्टेजिंगवर. स्टेजिंग म्हणजे काटकसर: स्वस्त, मंद डिस्क. डेटा निघत होता सेकंदाला साठेक मेगाबिटने. फायली उलट प्रवासाला निघाल्या, आणि पुढचे कित्येक तास कुणाच्या हातात काही नव्हतं. गिटलॅबने ते तासही झाकले नाहीत. यूट्यूबवर कॅमेरा लावून दुरुस्ती थेट दाखवली. एका वेळी पाच हजार लोक ती बघत होते, आणि यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणांत ती काही तास दुसऱ्या क्रमांकावर होती. डेटा कॉपी होताना बघायला पाच हजार लोक! त्यातले बरेच स्वतः कधीतरी त्या खुर्चीत बसलेले असणार.

भारतात तो दिवस अर्थसंकल्पाचा होता, पहिल्यांदाच १ फेब्रुवारीला मांडलेला. कमांड चालली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाचला तीन मिनिटं कमी होती. साइट परत आली रात्री पावणेबाराला. म्हणजे अमेरिकेची रात्र आणि सकाळ मोडली, तर युरोपात आणि पुण्या-बेंगळुरूत गिटलॅब डॉट कॉमवर काम करणाऱ्यांचा कामाचा अख्खा दिवस गेला. गिटचं बरं असतं, कोडची प्रत ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर असते. पण नवं काम कुठलं, अडलंय कुठे, कोण काय बोललं, हे सगळं बंद.

१७:०० ते १८:१४

पाच वाजता डेटाबेस उभा राहिला, पण वेबहुकशिवाय. स्टेजिंगवर डेटा नेताना ते मुद्दाम काढले जातात, नाहीतर तालमीचा सर्व्हर खऱ्या गिऱ्हाइकांच्या सर्व्हरांना निरोप धाडत सुटेल. तासाभरात तेही परत बसवले. आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. सगळ्या टेबलांचे क्रमांक एक लाखाने पुढे ढकलले, म्हणजे हरवलेल्या सहा तासांत ज्यांना क्रमांक मिळाले होते, त्यांचे क्रमांक चुकून दुसऱ्या कुणाला मिळू नयेत. १८:१४ ला साइट सुरू झाली.

कोड आणि विकी यांना धक्का लागला नव्हता. गेलं ते १७:२० नंतरचं: अंदाजे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नवी खाती. ते परत आलं नाही.

पुढे प्रॉम्प्टना रंग दिले, प्रॉडक्शनला लाल आणि स्टेजिंगला पिवळा. वॅल आर्काइव्हिंग आलं. बॅकअपवर नजर ठेवणारं मॉनिटरिंग आलं. लाल रंगाची बातमी फार झाली, कारण ती समजायला सोपी. माझ्या मते तो भाग सर्वांत कमी महत्त्वाचा. चुकीच्या मशीनवर कमांड कुणाचीही जाते, लाल प्रॉम्प्टवरही जाते. त्या इंजिनिअरला कामावरून काढलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

गिटलॅबने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकामागून एक ‘का’ विचारत गेलेली उतरंड आहे. साइट का बंद पडली, परत आणायला इतका वेळ का लागला, बॅकअप का सापडले नाहीत, आणि त्यांची नियमित चाचणी का होत नव्हती. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सरळ लिहून टाकलं: बॅकअप कुणाच्याच मालकीचे नव्हते, म्हणून ते तपासायची जबाबदारीही कुणाची नव्हती.