पितळ उघडे पडते तेव्हा : लायका कॅमेऱ्याच्या झिजेचा इतिहास

मराठीत एखाद्याचे 'पितळ उघडे पडले' म्हटले की त्याची अब्रू गेली. मुलामा उडाला, आतला हलका धातू दिसला, सोंग संपले. जर्मनीतील वेट्झलर गावच्या लायका कॅमेऱ्यांच्या जगात मात्र हा वाक्प्रचार उलटा लागू होतो. तेथे काळ्या रंगाखालचे पितळ दिसू लागले की कॅमेऱ्याची इभ्रत वाढते. २०१५ मध्ये तर खुद्द कंपनीनेच कोरे कॅमेरे घेतले, त्यांचा रंग कारागिरांकडून हाताने घासून घेतला आणि पितळ आधीच उघडे पाडून ते बाजारात आणले.

त्या आवृत्तीचे नाव 'करस्पाँडंट', म्हणजे वार्ताहर. संगीतकार लेनी क्रॅविट्झ याने तिचा आराखडा केला होता. संख्या फक्त १२५ संच, प्रत्येकात एम-पी हा डिजिटल कॅमेरा आणि दोन भिंगे, किंमत सुमारे साडेचोवीस हजार डॉलर. कडा, कोपरे, चकत्या अशा झिजवलेल्या की जणू मालकाने दोन युद्धे आणि चार क्रांत्या पाहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्याने तोवर वेट्झलरचा कारखानाही ओलांडलेला नसे.

यावर हसू येणे स्वाभाविक आहे, आणि तेव्हा पुष्कळांनी हसून घेतलेही. पण झीज ही विकण्याजोगी वस्तू कशी झाली, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

एर्न्स्ट लाइट्झ यांचा कारखाना मुळात सूक्ष्मदर्शकांचा. तेथे काम करणारा ऑस्कर बार्नाक हा छायाचित्रणाचा हौशी होता, पण त्याला दम्याचा विकार होता. काचेच्या प्लेटा, तिपाई आणि लाकडी कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. चित्रपटासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवून २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेणारा, खिशात मावणारा एक नमुना त्याने १९१४ च्या सुमारास तयार केला. मग महायुद्ध आले. १९२३ मध्ये चाचणीसाठी वीस-पंचवीस कॅमेऱ्यांची एक मालिका बनली. पुढच्या वर्षी, चलनफुगवट्याने जर्मनी पोळून निघालेला असताना, धाकट्या एर्न्स्ट लाइट्झने उत्पादनाचा जुगार खेळायचे ठरवले आणि १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत लायका लोकांसमोर आला.

हा पहिला लायका काळा होता, आणि त्या काळेपणात काही विशेष नव्हते. धातूवर काळे लॅकर चढवणे ही तेव्हाची साधी रीत. १९३३ च्या सुमारास चकचकीत क्रोमचा लेप आला. तो टणक, टिकाऊ आणि भारदस्त दिसणारा. युद्धानंतर तर लायका म्हणजे क्रोम हेच समीकरण झाले. काळा रंग मागे पडला तो जुनाट आणि लवकर उडणारा म्हणून. आज ज्या गुणासाठी लोक जास्त पैसे मोजतात, तो तेव्हा दोष होता.

क्रोमची अडचण निराळीच निघाली : ते चमकते. गुपचूप टिपू पाहणाऱ्या माणसाच्या हातात चमकणारी वस्तू नको असते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकत असे. भारताच्या इतिहासाशी या लहानशा यंत्राचा संबंध येतो तो त्याच्यामुळेच. ३० जानेवारी १९४८ रोजी तो दिल्लीत गांधीजींना भेटला, त्यांना आपल्या चित्रांचे पुस्तक दाखवले आणि बाहेर पडला. थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू जमावाला ती बातमी सांगत आहेत, हे त्याचे छायाचित्र अंधुक आहे, काहीसे हललेले आहे. फ्लॅश न वापरता, मिळेल त्या दिव्याच्या उजेडात, गर्दीत उभे राहून असे चित्र घेता येणे हेच लायकाचे बलस्थान होते. त्या फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या कॅमेऱ्याला किती ओरखडे होते, हे विचारण्याची गरज त्या वेळी कोणालाही वाटली नसती.

१९५४ मध्ये एम३ आला आणि आजही चालू असलेली 'एम' मालिका सुरू झाली. पुढील बारा-तेरा वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास एम३ बनले, त्यातील बहुतेक सगळे क्रोमचे. पण वृत्तछायाचित्रकारांची मागणी येऊ लागली, तसे कंपनीने काही थोडे नग जुन्या पद्धतीने काळे रंगवून दिले. १९५६-५७ मध्ये खास व्यावसायिकांसाठी एमपी हा कॅमेरा निघाला, जेमतेम चारशे नगांचा. त्यातही काही काळे होते. वरखालची झाकणे पितळेची, त्यावर काळे लॅकर. ते लॅकर क्रोमइतके कणखर नव्हते. गळ्यातल्या पट्ट्याच्या कड्यांपाशी, फिल्म ओढण्याच्या खटक्याच्या टोकावर, खालच्या झाकणाच्या कोपऱ्यांवर ते आधी जाई. दररोज कल्हईच्या भांड्यात स्वयंपाक करणाऱ्या घरात जसे तळ कुठे उघडा पडतो ते ठरलेले असते, तसेच.

म्हणजे झीज हा एक दस्तऐवज होता. कॅमेरा डाव्या खांद्यावर लटकत असे की उजव्या, मालक तो पिशवीत ठेवी की कोटाखाली, बोट कोठे टेकत असे, हे सगळे त्या पितळेवर वाचता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. ताम्रपटाचा मजकूर जितका बोलतो, तितकीच त्याची कडी आणि घासलेली कडाही बोलते.

आता या यंत्राच्या खोडींविषयी, कारण त्या समजल्याशिवाय त्याच्या मालकांची भक्ती समजत नाही. फिल्म भरायची तर मागचे दार उघडत नाही. तळाचे संपूर्ण झाकण काढून हातात, खिशात किंवा दातांत धरावे लागते. सुरुवातीच्या लायकात तर फिल्मचे टोक आधी कात्रीने लांबट कापून घ्यावे लागे. पाहण्याची खिडकी भिंगापासून वेगळी असल्याने भिंगावरचे टोपण काढायचे राहिले तरी समोरचे दृश्य छान दिसत राहते, आणि छत्तीस काळ्या चौकटी हाती येतात. शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा. भिंगातून ऊन एका बिंदूवर पडत राहिले की त्या पडद्याला बारीक भोक पडते. सुरुवातीच्या एम३ मध्ये पुढच्या चौकटीसाठी खटका दोनदा ओढावा लागे. जोराचा धक्का बसला की अंतर जुळवणारी दुहेरी प्रतिमा किंचित सरकते आणि दुरुस्तीला पाठवावी लागते.

यातील काही खोडी सकारण होत्या. मागे दार नसल्याने सांगाडा ताठ राहतो. कापडी पडदा फारसा आवाज करत नाही. पण कारण संपले तरी खोड उरली, ही खरी गंमत. डिजिटल एम कॅमेरे आले, फिल्म गेली. तरीही बॅटरी आणि कार्ड बदलण्यासाठी तळाचे झाकण काढण्याची प्रथा राहिली, ती थेट २०२२ च्या एम११ पर्यंत. २०१८ च्या एम१०-डी या डिजिटल कॅमेऱ्याला तर फिल्म ओढण्याच्या खटक्यासारखा दिसणारा एक खटका आहे. तो काहीही ओढत नाही, अंगठा टेकवण्यापुरता बाहेर येतो. पूर्वी संकोचाने सांभाळली जाणारी गैरसोय येथे हौसेने नव्याने घडवलेली दिसते.

रंगाचेही असेच झाले. १९७१ च्या एम५ पासून कंपनीने काळे क्रोम आणले. ते काळे, न चमकणारे आणि सहजी न झिजणारे होते. छायाचित्रकारांना जे हवे होते, ते सगळे एकदाचे मिळाले. १९८४ च्या एम६ चे वरचे झाकण तर पितळेऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचे होते. जुन्या नगांवर काळाच्या ओघात लेपाखाली फोड येतात, पण खाली सोनेरी काही दिसत नाही. आणि नेमके तेव्हा, झिजणारा रंग बाजारातून गेल्यावर, त्याची आठवण मौल्यवान होऊ लागली. २००३ मध्ये एमपी हे नाव पुन्हा आले, पितळ आणि काळा रंग परत घेऊन. फिल्म गुंडाळण्याची सोयीची दांडी काढून जुनी गोल चकतीही परत बसवली गेली. २०२१ मध्ये एम१०-आर हा डिजिटल कॅमेरा पितळेवर काळा रंग चढवून आला, तो कालांतराने झिजेल हेच त्याचे वैशिष्ट्य सांगत. २०२२ मध्ये एम६ नव्याने बनू लागला, तेव्हा त्याचेही झाकण पितळेचे होते.

क्रॅविट्झचा 'करस्पाँडंट' हे या वाटेचे टोक. आधीच्या कॅमेऱ्यांत निदान झिजण्याची शक्यता विकली जात होती. येथे झीजच विकली गेली. ही चाल केवळ कॅमेऱ्यांची नव्हती. धुऊन विटवलेल्या जीन्स त्याआधी आल्या होत्या, आणि फेंडर कंपनीने १९९५ पासून मुद्दाम जुनाट केलेली गिटारे 'रेलिक' या नावाने विकायला काढली होती. शिवाय क्रॅविट्झच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे : त्याचा पहिला कॅमेरा वडिलांकडून मिळालेला लायकाफ्लेक्स होता आणि हा आराखडा त्या आठवणीतून आला. आठवण खरी असू शकते. पण दुसऱ्याच्या आठवणीचे १२५ नग निघाले की ते स्मृतीचे नव्हे, वेषभूषेचे प्रकरण होते.

यापेक्षा गंभीर बनावट दुसरीकडे झाली आहे. युक्रेनमधील खारकिव येथे अनाथ आणि बेघर मुलांसाठी अंतोन माकारेंको चालवत असलेल्या वसाहतीत १९३० च्या दशकात लायका-२ ची नक्कल बनू लागली. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचे नाव पडले फेड. त्या मुलांनी केलेले काम प्रामाणिक होते. कालांतराने मात्र फेड आणि त्याचा भाऊबंद झोर्की यांच्यावर 'लायका' हे नाव कोरून, सोनेरी लेप देऊन, गरुड आणि स्वस्तिक उमटवून ते नाझी सैन्याधिकाऱ्यांचे कॅमेरे म्हणून जगभरच्या जुन्या बाजारांत खपवले गेले. ओळखण्याची खूण सोपी आहे. भिंग काढून आत पाहावे : अस्सल लायकात अंतरमापकाच्या दांडीला बारीक गोल चाक असते, सोव्हिएत नकलेत बहुधा घट्ट पाचर.

या बनावट माळेत एक क्रूर विसंगती आहे. ज्या कारखान्याच्या नावावर स्वस्तिक चिकटवून पैसा केला जातो, त्याच कारखान्याच्या एर्न्स्ट लाइट्झने १९३० च्या दशकात अनेक ज्यू कर्मचारी आणि परिचितांना परदेशी धाडण्यास मदत केली होती. त्याची मुलगी एल्सी हिला ज्यू स्त्रीच्या पलायनास मदत केल्याबद्दल १९४३ मध्ये गेस्टापोने अटक केली. त्याच वेळी कारखान्यात युक्रेनहून आणलेल्या स्त्रिया सक्तीने राबत होत्या, हेही तितकेच खरे. हा गुंतागुंतीचा भूतकाळ कोरीव गरुडापेक्षा कितीतरी रोचक आहे, पण तो कॅमेऱ्याच्या झाकणावर मावत नाही.

बाजाराला खऱ्या झिजेची किंमत कळते, हे मात्र मान्य करावे लागेल. कोरियन युद्ध टिपणारा डेव्हिड डग्लस डंकन याच्यासाठी १९५० च्या दशकात एम३डी नावाचे अवघे चार कॅमेरे बनवले गेले होते. त्यातील एक २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या लिलावात १६ लाख ८० हजार युरोंना गेला. त्याचे पुन्हा रंगकाम करून तो नवा दिसावा, असे कोणाच्या मनात आले नाही. उलट साधे क्रोमचे एम३ घेऊन, त्यांना काळे रंगवून, दुर्मीळ काळे नग म्हणून विकण्याचे उद्योग होतात. म्हणून संग्राहक आधी अनुक्रमांक तपासतात, रंग नंतर.

आणि जून २०२२ मध्ये वेट्झलरमध्येच १९२३ च्या त्या चाचणी-मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा विक्रीला आला. पाहण्याच्या खिडकीच्या वर नाव कोरलेले : ऑस्कर बार्नाक. त्याने तो १९३० पर्यंत स्वतः वापरला होता आणि मग मुलाला, कॉनरॅडला दिला होता. दम्याने बेजार झालेल्या त्या माणसाच्या हातात झिजलेल्या कॅमेऱ्याला १ कोटी ४४ लाख युरो आले.