गवताच्या गासड्यांची घरे

ज्याची पंचवीस वर्षे जिन-प्रेसमधील कामगारांच्या संघटनेत गेली, त्याला ‘गासडी’ म्हटले की कापूस आठवतो, सरकीची धूळ आठवते आणि प्रेसच्या तोंडाशी उभा असलेला माणूस आठवतो. गासड्यांची घरे बांधतात असे प्रथम वाचले तेव्हा मला ती थट्टाच वाटली. कापसाच्या नव्हेत, गवताच्या आणि पेंढ्याच्या. पण तशाच दाबून बांधलेल्या. हल्ली गरिबाला परवडणारे घर म्हणून त्यांची शिफारस होते. श्रोतेहो, शिफारस मानण्यापूर्वी तिची जन्मकथा पाहिलेली बरी.

ही घरे जन्मली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, पश्चिमेकडच्या वाळूच्या टेकड्यांत. मूळची ही पॉनी आणि लकोटा लोकांची शिकारीची भूमी. ते हुसकले गेल्यावर मोठमोठ्या गुरेवाल्यांनी तेथल्या सरकारी कुरणांना बेकायदा कुंपणे घातली. 1862 च्या कायद्याने नव्या वसाहतवाल्याला 160 एकर मिळत, पण या रेताड मुलखात तेवढ्यावर कुटुंब जगेना. म्हणून 1904 साली किनकेड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि 640 एकर मिळू लागले. अट अशी, की पाच वर्षे तेथे राहिले पाहिजे आणि एकरी सव्वा डॉलर किमतीच्या सुधारणा केल्या पाहिजेत.

राहायचे तर घर हवे, आणि मुलखात झाड नाही. नेब्रास्कात इतरत्र लोक मुळ्यांनी घट्ट झालेल्या मातीची ढेकळे कापून भिंती रचीत. येथे वाळूमुळे तीही नीट निघत नसत. उरले गवत, ते मात्र अमाप. गवत दाबून गासडी बांधणारी, घोड्यांनी चालणारी यंत्रे तोवर आलीच होती. कोणीतरी त्या गासड्या विटांसारख्या, सांधे मोडून, एकावर एक ठेवल्या. त्यांत लाकडी मेखा ठोकल्या आणि वर छप्पर टेकवले. छपराच्या ओझ्याने भिंत काही आठवडे दबू द्यायची, मग आतबाहेर गिलावा करायचा. दोन फूट जाडीची ती भिंत हिवाळ्यात ऊब धरी, उन्हाळ्यात गारवा. प्रथम तात्पुरती म्हणून बांधलेली ही घरे लोकांना इतकी मानवली, की त्यांनी ती मोडलीच नाहीत. आर्थर या गावी 1928 साली राय नावाच्या धान्याच्या पेंढ्यातून उभारलेले प्रार्थनामंदिर पुढे 1979 मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेले. फ्रान्समध्ये माँतार्जी येथे फयेत नावाच्या अभियंत्याने 1920 साली लाकडी सांगाडा उभारून त्यात पेंढा भरला. महायुद्धानंतर तेथे घरांची टंचाई होती. तेही घर शंभरी उलटून उभे आहे.

दोषही पहिल्यापासूनचेच. बेयर्डजवळची गवताची एक शाळा बाहेरून लिंपलेली नव्हती. गुरांनी ती खाऊन टाकली, अशी हकीकत सांगतात. आगीची भीती मात्र आपण समजतो तेथे नाही. घट्ट दाबलेल्या आणि गिलावा दिलेल्या गासडीत हवा खेळत नाही, म्हणून ती सहजी पेटत नाही. पेटतो तो काम चालू असताना भोवती पसरलेला सुटा पेंढा. खरा वैरी पाणी. खालून ओल चढली, छपरातून गळले किंवा खिडकीपाशी भेग पडली, की पेंढा आतल्या आत कुजतो आणि बाहेरून कळतही नाही. नेब्रास्काची हवा कोरडी म्हणून तेथे ही विद्या वाढली. कोकणात पेंढा पुष्कळ, पण तेथल्या पावसात अशी भिंत उभी करायला माझे मन धजणार नाही. देशावर तर कडबा म्हणजे बैलाच्या तोंडचा घास.

आणखी एक हिशेब शिफारस करणारे सहसा मांडत नाहीत. दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली घ्या. आत 150 चौरस फूट. चहूबाजूंनी दोन-दोन फुटांची भिंत धरली, तर बाहेरून होते चौदा बाय एकोणीस, म्हणजे 266 चौरस फूट. 640 एकरांच्या धन्याला याचे काय? पण चाळीतल्या माणसाला हे 116 फूट कोण देणार? स्वस्ताईचेही तसेच. गवत स्वतःच्या रानातले, श्रम घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे, ज्यांची मजुरी कोणी मांडलीच नाही. घर स्वस्त पडले ते त्यामुळे.

एवढे करून त्या वसाहतवाल्यांचे काय झाले? घर उभे राहिले, पण जमीन पोसेना. पुष्कळांनी मुदत भरून जमीन नावावर करून घेतली आणि शेवटी त्या गुरेवाल्यांनाच विकली. पुढे रेल्वेने आणि मोटारीने लाकूड स्वस्तात येऊ लागले, तसे गासड्यांचे बांधकाम मागे पडले. गवताच्या घरात राहणे कमीपणाचेही वाटत असावे. 1973 साली ‘शेल्टर’ या अमेरिकन पुस्तकात रॉजर वेल्श यांनी या घरांवर लिहिले आणि शहरातल्या सुशिक्षितांचे लक्ष तिकडे गेले. 2015 मध्ये अमेरिकेच्या नमुना बांधकाम-नियमांत त्यांना स्वतंत्र परिशिष्ट मिळाले.

हे सारे मी एकदा प्रेस-कामगारांच्या बैठकीत सांगितले. ज्याचा जन्म गासड्या बांधण्यात गेला असा एक म्हातारा सगळे ऐकून म्हणाला, “भिंतीचं राहू द्या साहेब, जागा कुणाच्या नावावर?”