वाटाण्याचा अंकुर आणि कॅमेऱ्याचा डोळा

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या काही विद्यार्थ्यांनी खिडकीतल्या कुंडीत वाटाणे पेरले आणि छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने रोज दहा सेकंदांचे चित्रण केले. तुकडे जोडून पाहिले, तेव्हा रोप वाढताना दिसले. पण त्याची पाने एका दिवशी पोपटी, दुसऱ्या दिवशी काळपट, तर तिसऱ्या दिवशी पांढुरकी. "सर, पानांचा रंग रोज बदलतो का?" मुलांनी मला विचारले. रंग बदलत नव्हता. बदलत होता तो कॅमेऱ्याचा निर्णय.

हा प्रयोग आपल्याकडे जुना आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि वाटाण्याच्या रोपाची एकेक फ्रेम ठरावीक काळाने टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. या लघुपटामुळे त्यांना भांडवल मिळण्यास मदत झाली आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

अशा चित्रणात प्रत्येक फ्रेमला सारखा प्रकाश मिळाला नाही, तर पडद्यावर रोप लुकलुकते. फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश, म्हणजेच एक्स्पोजर, दोन गोष्टींवर ठरतो: भिंगामागचे छिद्र किती उघडे आहे आणि झडप किती वेळ उघडी राहते. त्या काळचे चलत्‌चित्रण कॅमेरे हाताने फिरवत. साधारणपणे सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम. झडप अर्धा वेळ उघडी असेल, तर प्रत्येक फ्रेमला सुमारे १/३२ सेकंद मिळे. हात मंदावला, की फ्रेमवर प्रकाश जास्त पडे. प्रकाश मोजणारे विद्युत्‌मापकही नव्हते. वेस्टन कंपनीचा प्रकाशविद्युत मापक १९३२ मध्ये आला आणि स्वतःच एक्स्पोजर ठरवणारा कोडॅकचा कॅमेरा १९३८ मध्ये. फाळके यांच्या पिढीचा भरवसा डोळा, सराव आणि धुतलेली फिल्म यांवरच होता.

आज ही सारी मेहनत कॅमेरा करतो. अडचण तिथेच आहे. समोरच्या दृश्याची सरासरी उजळता मध्यम दिसावी, एवढेच त्याला शिकवलेले असते. खिडकीबाहेर लख्ख ऊन असले, की तो प्रकाश कमी घेतो आणि रोप काळवंडते. आभाळ भरून आले, की जास्त घेतो आणि तेच रोप उजळते. चित्रण चालू असताना कोणी पांढरा सदरा घालून मागून गेले, तरी तो हिशेब बदलतो. घरगुती चित्रफितीत हे खपते. पण प्रयोगात मोजायचे तेच बदल यंत्र गुपचूप झाकून टाकते.

यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कुलूपबंद करण्याची सोय असेल, तर रोपाजवळ राखाडी पुठ्ठा धरून ते ठरवावे आणि मगच चित्रण सुरू करावे. कडक उन्हात ते किंचित कमी ठेवावे; कारण संवेदकाची एखादी पेशी प्रकाशाने पूर्ण भरली, की त्यापुढचा तपशील परत मिळत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. अशा उजेडात झडपेचा काळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास चित्रात पट्टे सहसा दिसत नाहीत.

सोय नसेल, तर कुंडीशेजारी पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा कायम चित्रात ठेवावा. पुठ्ठा आणि पान दोन्ही एकाच प्रमाणात काळवंडले, तर बदल उजेडाचा किंवा कॅमेऱ्याचा. पुठ्ठा तसाच राहून पान बदलले, तर तो पानाचा. आमच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा वाटाणे पेरले, तेव्हा सर्वांत आधी हा पुठ्ठाच रोवला.