यामामोतो : एक आडनाव, एका युद्धाच्या तीन बाजू

१/ इ.स. १८६८. जपानमध्ये यादवी युद्ध पेटले होते. एका बाजूस सम्राटाच्या नावाने लढणारे सात्सुमा आणि चोशू, तर दुसऱ्या बाजूस त्यांना विरोध करणारी आइझू, नागाओका ही संस्थाने. सात्सुमाच्या फौजेत एक यामामोतो होता. आइझूच्या किल्ल्यात बंदूक घेऊन एक यामामोतो उभी होती. नागाओकाच्या सेनानायकांतही एक यामामोतो होताच. 

२/ आजच्या धाग्यात या एका आडनावाचा मागोवा घेऊ. त्यातून जपानचा चारशे वर्षांचा इतिहास तर दिसतोच, शिवाय तेथे आजही न्यायालयात आणि संसदेत लढला जाणारा एक प्रश्न समजून घेता येतो : आडनाव नेमके कोणाचे? रक्ताचे, घराचे, राज्यसंस्थेचे, की ते धारण करणाऱ्या माणसाचे?

३/ प्रथम अर्थ पाहू. ‘यामा’ म्हणजे डोंगर आणि ‘मोतो’ म्हणजे मूळ किंवा पायथा. डोंगराच्या पायथ्याशी राहणारे ते यामामोतो. जपान हा डोंगरांचा देश आहे. तेथे पायथ्याची गावे असंख्य, म्हणून या नावाची घराणीही असंख्य. आज हे आडनाव देशातील पहिल्या दहांत मोडते. सुमारे दहा लाख लोक ते लावतात आणि पश्चिम जपानात त्याचे प्रमाण अधिक आहे. एकच मूळपुरुष शोधू जाल तर तो सापडणार नाही.

४/ या नावाचा सर्वांत प्रसिद्ध मध्ययुगीन धनी म्हणजे यामामोतो कान्सुके. ताकेदा शिंगेन या सरदाराचा युद्धसल्लागार. एक डोळा अधू, एक पाय लंगडा, बुद्धी मात्र तल्लख. १५६१ मध्ये कावानाकाजिमाच्या चौथ्या लढाईत आपली योजना फसल्याचे पाहून तो शत्रूवर तुटून पडला आणि मारला गेला, असे ‘कोयो गुन्कान’ हा ग्रंथ सांगतो.

५/ परंतु मेइजी काळात आधुनिक पद्धतीने साधने तपासणारे इतिहासकार पुढे आले आणि त्यांनी या ग्रंथाच्या विश्वासार्हतेवरच बोट ठेवले. समकालीन कागदपत्रांत कान्सुकेचा उल्लेख मिळेना. तो कल्पित पुरुष असावा, असे मत अनेक दशके रूढ झाले. मग १९६९ मध्ये, ताकेदांच्या मुलखापासून शेकडो मैल दूर होक्काइदोत, एका घराण्याच्या संग्रहातून शिंगेनचे एक पत्र उजेडात आले. त्यात ‘यामामोतो कान्सुके’ हे नाव होते.

६/ गंमत अशी की, पत्रातील कान्सुके हे नाव वेगळ्या चिनी अक्षराने लिहिले आहे. उच्चार तोच, लेखन भिन्न. पत्रातून एवढेच सिद्ध होते की या नावाचा, शिंगेनचा विश्वासू असा एक माणूस खरोखर होऊन गेला. तो थोर युद्धनीतिज्ञ होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. नाव सापडले म्हणजे चरित्र सापडले असे नव्हे, हा धडा येथे ध्यानात ठेवावा.

७/ दुसरा यामामोतो शतकभरानंतरचा. यामामोतो त्सुनेतोमो (१६५९–१७१९) हा सागा संस्थानातील सामुराई. त्याच्या हयातीत देशात दीर्घ शांतता होती, रणांगण त्याने पाहिलेच नाही. १७०० मध्ये त्याचा धनी नाबेशिमा मित्सुशिगे वारला. धन्यामागे प्राण देण्याची जुनी चाल तोवर निषिद्ध ठरली होती. त्सुनेतोमोने मुंडन केले आणि तो एकांतात राहू लागला.

८/ तेथे १७१० पासून काही वर्षे ताशिरो त्सुरामोतो या तरुण सामुराईने त्याचे बोल टिपून घेतले. तोच ‘हागाकुरे’ हा ग्रंथ. मृत्यूला सदैव सिद्ध असणे हेच सामुराईचे व्रत, हा त्याचा गाभा. कचेरीत लेखणी चालवणाऱ्या, युद्ध न पाहिलेल्या माणसाचे हे विचार विसाव्या शतकात मात्र खऱ्याखुऱ्या महायुद्धात तरुणांना मरणाकडे नेण्यासाठी वापरले गेले.

९/ आता १८६८ कडे वळू. आइझू संस्थानात यामामोतो हे तोफखाना व बंदुकांचे शिक्षण देणारे घराणे होते. थोरला मुलगा काकुमा (१८२८–१८९२) पाश्चात्त्य विद्या शिकलेला. धाकटी बहीण याए (१८४५–१९३२) घरातल्या घरातच बंदूक चालवायला शिकली. मुलींना नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचे पाते, शिकवण्याची रीत असताना हिने बंदूक निवडली.

१०/ युद्धाच्या प्रारंभी तोबा-फुशिमीच्या लढाईत त्यांचा भाऊ साबुरो जखमी होऊन मरण पावला. शत्रू आइझूच्या वेशीवर येऊन ठेपला, तेव्हा याएने केस कापले, मृत भावाचे कपडे अंगावर चढवले आणि स्पेन्सर बनावटीची रायफल घेऊन ती किल्ल्यात शिरली. वेढा सुमारे महिनाभर चालला. किल्ला पडला. वडीलही या लढाईत गेले.

११/ काकुमा तेव्हा क्योतोत होता. सात्सुमाच्या लोकांनी त्याला पकडून कैदेत टाकले. त्याची दृष्टी जात चालली होती. लिहिणे अशक्य, म्हणून कैदेतच त्याने दुसऱ्याकडून एक निवेदन लिहवून घेतले. त्यात सत्तेच्या विभाजनाची कल्पना होती, विधिमंडळाची होती आणि स्त्रीशिक्षणाचीही. पराभूत पक्षाच्या कैद्याने जेत्यांसमोर ठेवलेला हा नव्या देशाचा आराखडा होता.

१२/ जेत्यांनी तो वाचला, आणि त्याची योग्यता ओळखली. सुटकेनंतर काकुमा क्योतो प्रशासनाचा सल्लागार झाला. १८७९ मध्ये क्योतोच्या प्रांतिक सभेचा तो पहिला अध्यक्ष. क्योतोतील सात्सुमाचा जुना वाडा जेथे होता ती जमीन पुढे त्याच्याकडे आली, आणि ती त्याने नीजिमा जो या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेसाठी दिली. आजचे दोशिशा विद्यापीठ तेथे उभे आहे. ज्यांनी त्याला कैद केले, त्यांच्याच वाड्याच्या जागेवर विद्येचे घर उभे राहिले.

१३/ दोशिशाची स्थापना नोव्हेंबर १८७५ मध्ये झाली आणि जानेवारी १८७६ मध्ये याएने याच नीजिमांशी विवाह केला. नवऱ्याच्या बरोबरीने वागणारी म्हणून लोकांनी तिला नावे ठेवली. पतीच्या निधनानंतर चीन-जपान आणि रशिया-जपान या दोन्ही युद्धांत तिने सैनिकी रुग्णालयांत परिचारिकांचे काम केले. सरकारने तिला सन्मानपदके दिली. ज्या सत्तेवर तिने गोळ्या झाडल्या होत्या, तीच ही सत्ता.

१४/ आता जेत्यांच्या बाजूचा यामामोतो. गोन्नोह्योए (१८५२–१९३३) सात्सुमाचा. पोरवयातच तो या युद्धात लढला, पुढे नौदलात गेला. ‘लष्कर चोशूचे, नौदल सात्सुमाचे’ असे तेव्हा म्हटले जाई. १८९८ ते १९०६ तो नौदलमंत्री होता. रशियाशी लढणारे आरमार त्याने उभारले आणि त्याचे नेतृत्व तोगो हेइहाचिरोकडे सोपवले, तेही याच मंत्र्याने.

१५/ तो दोनदा पंतप्रधान झाला आणि दोन्ही वेळा संकटाने त्याला खाली खेचले. १९१४ मध्ये नौदलाच्या खरेदीतील सीमेन्स लाचप्रकरणाने त्याचे मंत्रिमंडळ पडले. दुसऱ्यांदा त्याने सूत्रे हाती घेतली ती २ सप्टेंबर १९२३ रोजी, म्हणजे तोक्यो-योकोहामा उद्ध्वस्त करणाऱ्या महाभूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी. डिसेंबरात युवराजावर हल्ला झाला. जबाबदारी घेऊन मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१६/ तिसरे नाव सर्वांना ठाऊक असलेले : यामामोतो इसोरोकू, पर्ल हार्बरच्या हल्ल्याची योजना करणारा नौसेनापती. पण जन्मतः तो यामामोतो नव्हताच! १८८४ मध्ये नागाओकात ताकानो घराण्यात तो जन्मला. तेव्हा वडील ५६ वर्षांचे होते, म्हणून नावच ठेवले ‘इसोरोकू’, म्हणजे छप्पन्न. हे वडील १८६८ मध्ये नागाओकाच्या, अर्थात हरलेल्या बाजूने लढले होते.

१७/ नागाओकाचा सेनानायक यामामोतो तातेवाकी त्या युद्धात आइझूच्या मोहिमेत मारला गेला. त्याच्यामागे घराणे चालवणारा कोणी उरला नाही. जपानमध्ये वंशापेक्षा ‘इए’, म्हणजे कुळ-घर, टिकवण्याला महत्त्व होते. त्यासाठी प्रौढ, कर्तबगार पुरुषाला दत्तक घेणे ही सर्वमान्य रीत होती. १९१६ मध्ये बत्तीस वर्षांचा नौदल अधिकारी ताकानो इसोरोकू या घराण्यात दत्तक गेला आणि ‘यामामोतो’ झाला.

१८/ पराभूतांच्या मुलाने जेत्यांच्या नौदलात सर्वोच्च पदांपैकी एक गाठले. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत, म्हणजे गोन्नोह्योएने घडवलेल्या आरमारात, त्याने डाव्या हाताची दोन बोटे गमावली होती. हार्वर्डमध्ये शिकलेला आणि वॉशिंग्टनमध्ये राहिलेला हा माणूस अमेरिकेशी युद्ध करण्याच्या विरोधात होता. तरीही युद्ध ठरल्यावर पहिल्या प्रहाराची योजना त्याचीच. १८ एप्रिल १९४३ रोजी, अमेरिकनांनी सांकेतिक संदेश उलगडल्यामुळे, बोगनव्हिलवर त्याचे विमान पाडले गेले.

१९/ आणखी एक यामामोतो, ज्याचे नाव जपानबाहेर फारसे घेतले जात नाही. सेन्जी (१८८९–१९२९) हा जीवशास्त्रज्ञ. दोशिशात त्याने अध्यापन केले. १९२२ मध्ये मार्गारेट सँगर जपानला आल्या. त्यांच्या संततिनियमनाच्या विचारांचा प्रसार त्याने कामगार-शेतकऱ्यांत केला. १९२८ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाल्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो निवडून आला.

२०/ त्याच वर्षी सरकारने ‘शांतता रक्षण कायदा’ वटहुकमाने अधिक कठोर करून त्यात मृत्युदंड घातला. ५ मार्च १९२९ रोजी संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. विरोधात बोलण्याची सेन्जीची तयारी होती, पण चर्चाच आटोपण्यात आली. त्या रात्री तोक्योतील एका खानावळवजा निवासात उजव्या गटाच्या एका माणसाने त्याला भोसकून ठार केले.

२१/ आता मूळ प्रश्न. तोकुगावा काळात अधिकृतपणे आडनाव लावण्याचा मान सामुराईंसारख्या मोजक्या वर्गांना होता. अनेक शेतकरी-व्यापारी कुटुंबांत आपापसात नावे वापरली जात, पण सरकारी कागदावर नाही. १८७० मध्ये सर्वसामान्यांना मुभा मिळाली आणि १३ फेब्रुवारी १८७५ च्या आदेशाने ती सक्ती झाली. नव्या सैन्यभरतीसाठी माणसे नोंदवायची होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. म्हणजे बहुसंख्य जपान्यांचे अधिकृत आडनाव दीडशे वर्षांचेच आहे.

२२/ विवाहित स्त्रियांचे काय? १८७६ मध्ये सरकारचा आदेश होता की पत्नीने माहेरचेच आडनाव वापरावे! नवरा-बायकोचे एकच आडनाव हा नियम १८९८ च्या नागरी संहितेने आला, ‘इए’ व्यवस्थेचा भाग म्हणून. १९४७ मध्ये ‘इए’ रद्द झाले, पण नियम उरला : दोघांपैकी कोणाचेही घ्या, मात्र एकच घ्या. व्यवहारात सुमारे ९५ टक्के जोडपी पतीचे घेतात.

२३/ अशी सक्ती असलेला दुसरा देश आपल्या माहितीत नाही, असे जपानचे न्याय मंत्रालयच सांगते. नियमाविरुद्धची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी न्यायालयाने नियम घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला आणि बदल करायचा तर संसदेने करावा, असे सुचवले. नियमाचे समर्थक त्याला जपानी परंपरा म्हणतात.

२४/ वरील इतिहास त्या दाव्याला पुष्टी देत नाही. इसोरोकूने तिसाव्या वर्षानंतर आडनाव बदलले. याए आयुष्यात यामामोतो, पहिल्या विवाहात कावासाकी आणि पुढे नीजिमा अशा तीन नावांनी ओळखली गेली. लाखो शेतकऱ्यांना सरकारी नोंदवहीत आडनाव लिहून घ्यावे लागले. आडनाव कधी मान होता, कधी वारसा, कधी नोंदवहीतील सोय. परंपरा म्हणून जे सांगितले जाते, ते एका विशिष्ट कायद्याचे अपत्य आहे.

२५/ फरक एवढाच की, इसोरोकूचा नामबदल घराण्याचा सन्मान म्हणून चरित्रांत नोंदला गेला. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रीचा बदल मात्र नोंदण्याजोगाही मानला गेला नाही. तिचे शोधनिबंध, परवाने, आधीच्या नावाने मिळवलेली ओळख, सारे मागे राहते. आजचा वाद याच असमानतेचा आहे.

२६/ क्योतोच्या न्याकुओजी टेकडीवर दोशिशाची दफनभूमी आहे. तेथे काकुमा, नीजिमा जो आणि याए यांच्या कबरी आहेत. भाऊ यामामोतो, बहीण नीजिमा. आडनावे वेगळी झाली तरी ती त्याच घरची मुलगी राहिली, आणि त्याच डोंगराच्या कुशीत विसावली.

धागा समाप्त. अशाच एखाद्या जपानी आडनावाविषयी वाचायचे असल्यास खाली अवश्य कळवा.