तीन मिलिमीटरचा रस्ता

स्टेंट हा शब्द मुळात एका दंतवैद्याच्या आडनावावरून आला असं मानतात. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे चार्ल्स स्टेंट, दातांचे ठसे घ्यायचा लेप बनवणारे. तिथून तो हृदयात कसा शिरला ही वेगळीच गंमत आहे, पण ती पुन्हा कधीतरी. आमच्या नात्यात आता तिघांच्या छातीत ही जाळी आहे, आणि लग्नाकार्यात भेट झाली की "स्टेंट बसवला, काळजी मिटली" हे वाक्य ऐकू येतंच. ही काळजी मिटवता मिटवता डॉक्टरांची दोन पिढ्यांची हयात गेली, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी नकाशा. महाधमनीच्या मुळाशी दोन रोहिण्या फुटतात, डावी आणि उजवी. हृदयावर त्या मुकुटासारख्या बसतात म्हणून त्यांना लॅटिनमधल्या मुकुटावरून 'कोरोनरी' म्हणतात. डावीचं खोड (डॉक्टर त्याला लेफ्ट मेन म्हणतात) अगदी आखूड. लगेच त्याला फाटे फुटतात. एक फांदी हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरते, ती एलएडी. दुसरी वळसा घालून मागे जाते, ती सर्कमफ्लेक्स. एलएडीची रुंदी सुरुवातीला तीन-साडेतीन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. आणि हे सगळं दर ठोक्याला हलतंय! चरबीचा थर फाट्यांपाशी जास्त धरतो, कारण तिथे प्रवाह घोळतो. नदीच्या वळणावर गाळ साचतो तसंच.

जिवंत माणसात हा नकाशा स्पष्ट दिसला तो १९५८ साली, तोही अपघाताने. क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या रुग्णात रंगद्रव्य चुकून थेट उजव्या रोहिणीत गेलं. हृदय क्षणभर थांबलं. रुग्णाला खोकायला लावलं, तेव्हा ते परत सुरू झालं.

मग १६ सप्टेंबर १९७७, झुरिच. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याच्या नळ्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडून बनवल्या होत्या. ते ३८ वर्षांचे, रुग्णही ३८ वर्षांचा. एलएडीच्या सुरुवातीलाच आखूड अडथळा होता. फुगा फुगवला, रस्ता मोकळा झाला. दहा वर्षांनी पाहिलं तरी तो मोकळाच होता. ते बघायला ग्रुंटझिग मात्र नव्हते, १९८५ मध्ये विमान अपघातात ते गेले.

सगळ्यांच्या रोहिण्या अशा गुणी नसतात. फुगा म्हणजे शेवटी आतल्या भिंतीला मुद्दाम पाडलेली चीर. कधी पापुद्रा सुटून रोहिणी तिथल्या तिथे बंद व्हायची आणि रुग्णाला धावतपळत बायपासला न्यावं लागायचं. कधी काही महिन्यांत व्रण वाढून वाट पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून १९८६ मध्ये तुलूझला जाक प्युएल आणि लोझानला उलरिख सिगवार्ट यांनी धातूच्या जाळीचा टेकू दिला. १९९१ मध्ये सुरुवातीच्या १०५ रुग्णांचा हिशेब छापून आला, तर २४ टक्क्यांत रोहिणी पूर्ण बंद! बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच. रक्ताला धातू परका, त्यावर ते गोठणारच. गोठू नये म्हणून जोरकस औषधं दिली तर रक्तस्राव. इकडे आड, तिकडे विहीर.

मला या सगळ्यात सर्वात आवडतो तो मिलानच्या आंतोनिओ कोलोम्बो यांचा १९९५ चा शोध. त्यांनी रोहिणीच्या आतून अल्ट्रासाउंडने पाहिलं तर जाळी भिंतीला नीट टेकलेलीच नसायची. बाहेरून चित्र छान, आत पोकळी. त्यांनी फुगा जास्त दाबाने फुगवून जाळी चपखल बसवली, आणि मग प्लेटलेट एकमेकांना चिकटू न देणाऱ्या गोळ्यांवर भागू लागलं. नवं औषध नव्हे, माप चुकलं होतं.

पुढे १९९९ मध्ये साओ पाउलोला एदुआर्दो सोसा यांनी औषध लावलेला स्टेंट बसवला. पेशींची वाढ रोखणारं औषध, त्यामुळे व्रण वाढेना. अमेरिकेत २००३ मध्ये परवानगी मिळाली आणि सगळीकडे जल्लोष. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत वादळ उठलं. तेच औषध जाळीवर आतलं अस्तरही लवकर येऊ देत नव्हतं. उघड्या धातूवर वर्षानंतरही गुठळी होऊ शकत होती. नंतरच्या स्टेंटच्या तारा बारीक झाल्या, लेप सुधारले, धोका पुष्कळ उतरला. पण लहान रोहिणी, लांब जाळी, फाट्यावरची जाळी यांत तो अजूनही जास्तच. फाट्यावर मुख्य रस्ता रुंद करताना बाजूच्या फांदीचं तोंड दाबलं जातं, आणि तिथे दुसरी जाळी घातली की धातू दुप्पट.

मामा, तुम्ही हे वाचत असाल तर दातासाठी क्लोपिडोग्रेल बंद करायचं म्हणत होतात, ते आपल्या मनाने करू नका. दात काढणारे आणि हृदयाचे, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू दे. गोळ्या किती महिने, ते माणसागणिक बदलतं. स्टेंटचं कार्ड मिळालं असेल ना? त्यावर माप लिहिलेलं असतं, बघून कळवा.